बडोद्याची चित्रदालने आणि संग्रहालये दोन दिवसांत कशी पाहावीत

बडोद्यात राहणाऱ्या मराठी घरांत दिवाळीनंतर पाहुण्यांची ये-जा सुरू होते. पुण्याहून, नाशिकहून, सांगलीहून आलेली मंडळी चहा घेता घेता विचारतात, "इथे बघण्यासारखं काय आहे?" त्यावर बहुतेक यजमान एका दमात राजवाडा, कमाटीबाग आणि सूरसागर अशी तीन नावे सांगून मोकळे होतात, आणि पाहुणेही त्या तीन ठिकाणी धावती फेरी मारून, भाखरवडीचे पुडे घेऊन परत जातात. अनेक वर्षे मी स्वतः नातेवाइकांना घेऊन या शहरातली चित्रदालने आणि संग्रहालये दाखवत आले आहे. त्या अनुभवावरून माझे असे ठाम मत झाले आहे की बडोद्यात काय पाहावे याइतकाच ते कोणत्या क्रमाने पाहावे हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

याचे कारण असे की, साधारण १८५० ते १९५० या शंभर वर्षांत आपल्याकडची चित्रकला कशी बदलत गेली, हे या एकाच शहरात, काही किलोमीटरच्या परिघात, टप्प्याटप्प्याने पाहता येते. दिवाणाच्या वाड्यातील भित्तिचित्रे, राजा रविवर्मांची तैलचित्रे, युरोपातून मागवलेल्या चित्रांचे दालन, नंदलाल बसूंनी रंगवलेल्या भिंती आणि स्वातंत्र्यानंतर उभी राहिलेली कलाशाळा हे ते पाच टप्पे होत. हे टप्पे उलटसुलट पाहिले तर प्रत्येक ठिकाण सुटे वाटते. काळाच्या क्रमाने पाहिले, तर पुढच्या चित्रकाराने मागच्याचे काय घेतले आणि काय नाकारले, हे सामान्य प्रेक्षकाच्याही लक्षात येते. त्यासाठी दोन पूर्ण दिवस लागतात. एकाच दिवसाची सवड असेल, तर खाली सांगितलेल्यांपैकी दोन ठिकाणे निवडून तीच नीट पाहावीत.

निघण्यापूर्वीची तयारी

सर्वांत आधी वार ठरवावा. येथील काही संग्रहालये सोमवारी आणि सार्वजनिक सुट्ट्यांना बंद असतात, त्यामुळे शनिवार-रविवारला जोडून सोमवारची रजा काढणाऱ्यांची निराशा होते. एकदा माझी आत्या आणि तिच्या दोन मैत्रिणी केवळ रविवर्मांची चित्रे पाहण्यासाठी बडोद्याला आल्या होत्या. मी वार न पाहता त्यांना सोमवारी नेले आणि बंद फाटकावरून परत आणले. त्याच रात्री त्यांची परतीची गाडी होती. तेव्हापासून आदल्या दिवशी प्रत्येक ठिकाणी फोन करून वेळ विचारल्याशिवाय मी कोणालाही घेऊन निघत नाही. जुन्या इमारतींत डागडुजी सुरू असते आणि एखादे दालन महिनोन्‌महिने बंद राहते, म्हणून फोनवर "उद्या उघडे आहे का?" एवढेच न विचारता "सर्व दालने उघडी आहेत का?" असेही विचारावे. मंगळवार ते शुक्रवार यांपैकी सलग दोन दिवस सर्वांत सोयीचे असतात, कारण सुट्टीच्या दिवशी कमाटीबागेत इतकी गर्दी लोटते की संग्रहालयातही शांतता उरत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, आणि जुन्या वास्तूंच्या वरच्या मजल्यांवर दुपारी उभे राहणे वयस्कर माणसांना झेपत नाही. पावसाळ्यात शहराच्या मधून वाहणारी विश्वामित्री फुगते. ऑगस्ट २०२४ मध्ये तिचे पाणी शहराच्या मोठ्या भागात शिरले होते. कमाटीबाग या नदीच्या काठावरच आहे, त्यामुळे जोरदार पावसाच्या दिवसांत बेत पुढे ढकलणेच योग्य.

सोबत पातळ वही आणि पेन्सिल ठेवावी. पेनची शाई सांडण्याच्या भीतीने काही दालनांत पेन वापरू देत नाहीत, पेन्सिलीला सहसा हरकत घेतली जात नाही. वाचनाचा चष्मा विसरू नये, कारण चित्रांखालच्या पट्ट्या बारीक अक्षरांत असतात. घरात लहान दुर्बीण असेल तर ती अवश्य घ्यावी. तिचा उपयोग दुसऱ्या दिवशी कळेल. मोठ्या पिशव्या प्रवेशद्वाराशी ठेवाव्या लागतात, म्हणून हात शक्यतो मोकळे असावेत.

एका वेळी किती पाहावे, याचाही अंदाज हवा. माझ्या अनुभवात दीड तासानंतर कोणाचेही लक्ष चित्रावर राहत नाही, फक्त पाय पुढे जात राहतात. तेव्हा दर दीड तासाने बाहेर येऊन बसावे, पाणी प्यावे, पाहिलेल्यांपैकी कोणते चित्र आठवते ते एकमेकांना विचारावे आणि मगच पुढे जावे.

पहिला दिवस, सकाळ: तांबेकर वाडा

सुरुवात रावपुऱ्यातील तांबेकर वाड्यापासून करावी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बडोदे संस्थानचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा वाडा आता भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे. रिक्षावाल्याला नुसते "तांबेकर वाडा" सांगितल्यास तो कधी कधी गोंधळतो, म्हणून आधी रावपुऱ्यात उतरून तेथील दुकानदारांना विचारावे. वाड्याभोवती इतकी दाटी आहे की पहिल्यांदा येणारा माणूस समोरून जाऊनही तो चुकतो.

पुण्यात किंवा वाईत जुने वाडे पाहिलेल्यांना लाकडी खांब, अरुंद जिने आणि माळवदाची घडण ओळखीची वाटेल. मराठी पद्धतीचे हे घर गुजरातच्या मातीत उभे राहिले आहे, आणि त्याच्या वरच्या खोल्यांत भिंतींवर आणि लाकडी भागांवर चित्रांची दाट वीण आहे. कृष्णचरित्र, महाभारतातील प्रसंग, मराठे आणि इंग्रज यांच्या लढाया, शिवाय युरोपीय वेशातील स्त्रियाही येथे शेजारीशेजारी नांदतात. आपल्या घराच्या भिंतीवर देवादिकांच्या सोबतीने गोऱ्या मडमा रंगवून घेणारा दिवाण कोणत्या काळात वावरत होता, हे त्या भिंती पाहताना कळते. संस्थान इंग्रजांच्या देखरेखीखाली होते, छावणी आणि रेसिडेन्सी शहरालगतच होती, आणि चित्रकाराने भोवती दिसणारे ते सारे जग आपल्या जुन्या रेषेत ओढून घेतले होते.

येथे एक गोष्ट मुद्दाम पाहून वहीत नोंदवावी. या चित्रांत जवळ-दूरचा भास देणारी खोली नाही. माणसे एकाच पातळीवर, एका बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्यांनी उभी आहेत, सावली जवळजवळ नाही, आणि महत्त्वाची व्यक्ती जवळ असो वा दूर, ती मोठीच काढलेली आहे. दुपारी रविवर्मांसमोर उभे राहाल तेव्हा ही नोंद उपयोगी पडेल.

वाड्यात उजेड मंद असतो, म्हणून सकाळी ऊन वर चढल्यावर, साधारण दहा-साडेदहाच्या सुमारास जाणे चांगले. मोबाइलचा दिवा चित्रांवर मारू नये. रंग आधीच झिजलेले आहेत, आणि प्रखर प्रकाशाने होणारी झीज भरून निघत नाही. भिंतीला टेकू नये, मुलांनाही टेकू देऊ नये. जिने उंच पायऱ्यांचे असल्याने गुडघे दुखणाऱ्यांनी वर चढण्याचा हट्ट धरू नये.

वाड्यातून बाहेर पडल्यावर रावपुऱ्यात किंवा दांडिया बाजाराच्या बाजूला सेवउसळ खावी. वाटाण्याची तिखट उसळ, वर शेव, कांदा आणि सोबत पाव असा हा पदार्थ बडोद्याने मराठी चुलीवरून उचलला आणि स्वतःचा करून टाकला. तर्री वेगळी मागून घ्यावी, नाहीतर दुपारभर पाणी पीत राहावे लागते.

पहिला दिवस, दुपार: महाराजा फतेसिंह संग्रहालय

लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातच महाराजा फतेसिंह संग्रहालय आहे. ही इमारत मूळची राजघराण्यातील मुलांची शाळा होती, आणि १९६१ मध्ये तेथे राजघराण्याचा कलासंग्रह लोकांसाठी खुला झाला. राजा रविवर्मांची मूळ तैलचित्रे एका ठिकाणी इतक्या संख्येने क्वचितच पाहायला मिळतात. दोन दिवसांपैकी सर्वांत अधिक वेळ येथे द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

रविवर्मा बडोद्याला कसे आले, ही कथा आत जाण्यापूर्वी सोबतच्यांना सांगावी. १८७५ मध्ये मालेगावजवळच्या कवळाणे गावातील बारा वर्षांचा एक मुलगा दत्तक घेऊन बडोद्याच्या गादीवर बसवण्यात आला. तेच तिसरे सयाजीराव. ते सज्ञान होईपर्यंत कारभार दिवाण सर टी. माधवराव यांच्याकडे होता. माधवराव तंजावरच्या मराठी घराण्यातले. पूर्वी ते त्रावणकोरचे दिवाण होते, म्हणून त्यांना तेथील या तरुण चित्रकाराची पारख होती. १८८१ मध्ये सयाजीरावांना राज्याधिकार मिळाले, त्या सुमारास रविवर्मांना बडोद्याला बोलावण्यात आले आणि त्यांनी राजघराण्याची व्यक्तिचित्रे रंगवली. पुढे १८८८ मध्ये सयाजीरावांनी त्यांच्याकडून पुराणांतील विषयांवर चौदा चित्रे मागवली. ती १८९० पर्यंत पूर्ण झाली, आणि मुंबईत मांडली गेली तेव्हा पाहणाऱ्यांची रीघ लागली. ही चित्रे आपल्या घरी लावता यावीत, अशी सामान्य माणसांची मागणी होती. त्यातूनच १८९४ मध्ये मुंबईत रविवर्मांचा छापखाना निघाला. पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला हलला, आणि तेथून निघालेल्या रंगीत छापील तसबिरी महाराष्ट्रातील घराघरांत, दुकानांत आणि देवघरांत पोहोचल्या.

म्हणूनच मराठी माणूस या दालनात शिरताच त्याला सारे ओळखीचे वाटते. ही ओळखच येथे अडचण ठरते. "हे आमच्या आजीकडे होतं" असे म्हणून लोक दोन मिनिटांत पुढे जातात. ती छापील तसबीर आणि हे मूळ चित्र यांत केवढे अंतर आहे, हे थांबून पाहिले पाहिजे. छापील चित्रात प्रत्येक रंगासाठी वेगळ्या दगडावरून ठसा उठवला जाई, त्यामुळे रंगाचे ठिपके आणि सपाट पट्टे दिसतात. मूळ चित्रात रंगावर रंगाचे पातळ थर चढवलेले असतात, आणि कातडीच्या खालून उजेड येत असल्यासारखा भास त्या थरांतून होतो.

पाहण्याची एक पद्धत सांगते. प्रथम चित्रापासून आठ-दहा पावले मागे उभे राहून संपूर्ण रचना पाहावी: उजेड कोणत्या बाजूने येतो, कोण कोणाकडे पाहतो, कोण नजर चुकवतो. मग दोरीच्या अलीकडून जितके जवळ जाता येईल तितके जाऊन कापडाचा एखादा हातभर भाग निवडावा आणि तेवढाच पाहावा. गळ्यातील मोत्यांची माळ जवळून पाहिली, तर करड्या ठिपक्यावर टेकवलेला पांढऱ्या रंगाचा एकेक बारीक उंचवटा एवढेच दिसते. दोन पावले मागे आले की त्याच उंचवट्याचा पाणीदार मोती होतो. जरीच्या काठातही तेच. कुंचल्याचे तुटक पिवळे फटकारे लांबून विणलेली जर होतात. शेवटी चित्राच्या कडेला जाऊन तिरपे पाहावे, म्हणजे रंगाचा थर कोठे जाड आणि कोठे पातळ आहे हे उजेडात उमटून दिसते.

नल-दमयंती, शंतनू आणि मत्स्यगंधा, विश्वामित्र-मेनका, कंसमाया ही चित्रे पाहताना वस्त्रांकडे विशेष लक्ष द्यावे. पौराणिक स्त्रियांना कोणता पोशाख द्यावा, असा प्रश्न रविवर्मांपुढे होता, आणि त्यासाठी ते भावासह उत्तरेकडे बराच प्रवास करून आले होते. अखेरीस त्यांच्या अनेक नायिका नऊवारीत दिसू लागल्या. आपण आज ज्या वेशात सीता-दमयंतीची कल्पना करतो, ती कल्पना फार जुनी नाही, हे लक्षात आले की या दालनाचे मोल आणखी वाढते. सकाळच्या तांबेकर वाड्याची वही येथे उघडावी. वाड्यात नसलेली खोली, सावली आणि समोरून वळलेला चेहरा हे सारे येथे आले आहे, पण कथा त्याच आहेत.

सीताभूमिप्रवेशाच्या चित्रासमोर किमान दहा मिनिटे बसावे. भूमिमाता सीतेला पोटाशी धरून खाली घेऊन चालली आहे आणि भरल्या सभेत राम हतबल उभा आहे. माझी आत्या दुसऱ्यांदा, वार नीट पाहून आली, तेव्हा तिने या चित्रासमोर कोणाशीही एक अक्षर न बोलता अर्धा तास घालवला. बाहेर आल्यावर एवढेच म्हणाली, "लहानपणी मी फक्त सीतेकडं बघायचे. आज रामाचा हात पाहिला."

याच संग्रहात इटालियन शिल्पकार ऑगस्टो फेलिची यांची शिल्पे आहेत, आणि युरोपातील नामवंत चित्रांच्या प्रतिकृतीही आहेत. फेलिची काही वर्षे बडोद्यात राहून काम करत होते. त्यांची शिल्पे सावकाश पाहावीत. प्रतिकृतींवरून नजर फिरवली तरी पुरे. आत छायाचित्रे काढू देत नाहीत, आणि तो नियम पाळण्यात पाहणाऱ्याचाच लाभ आहे.

वेळ उरल्यास: लक्ष्मीविलास राजवाडा

राजवाडा १८७८ मध्ये बांधायला घेतला आणि १८९० मध्ये पूर्ण झाला. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. १८८१ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर रॉबर्ट चिझम यांनी काम तडीस नेले. तिकिटासोबत श्राव्य मार्गदर्शक यंत्र मिळते. ते कानाला लावून फिरावे, कारण फलक थोडेच आहेत. दरबार दालनातील व्हेनिसच्या पद्धतीची मोझेइक फरशी आणि रंगीत काचांच्या खिडक्या या दोन गोष्टींसाठी वेळ राखून ठेवावा. हा राजवाडा परदेशातील कोणत्या राजवाड्याच्या किती पट आहे, या चर्चेत मात्र मला कधीच रस वाटला नाही. आकारापेक्षा येथील कारागिरी पाहण्यासारखी आहे. पाय थकले असतील तर राजवाडा वगळावा. रविवर्मा पाहून झाल्यावर घाईघाईने राजवाडा उरकणाऱ्यांना दोन्हींपैकी एकही नीट आठवत नाही.

दुसरा दिवस, सकाळ: कमाटीबागेतील संग्रहालय आणि चित्रदालन

रेल्वे स्थानकापासून कमाटीबाग सुमारे एक किलोमीटरवर आहे, पायी जाता येते. सरकारी नाव सयाजीबाग असले, तरी बडोदेकर मराठी माणसाच्या तोंडी कमाटीबागच असते. बाहेरच्या चौकात सयाजीरावांचा अश्वारूढ पुतळा आहे, त्याला सारे शहर "काळा घोडा" म्हणते. सयाजीरावांनी १८७९ मध्ये ही बाग लोकांसाठी करवून घेतली.

संग्रहालयाकडे जाण्यापूर्वी बागेतील संकल्पभूमीवर थांबावे, अशी माझी विनंती आहे. संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन परदेशात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्याला आले. जातीमुळे त्यांना या शहरात राहायला जागा मिळाली नाही, आणि २३ सप्टेंबर १९१७ रोजी या बागेतील झाडाखाली बसून त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लढण्याचा संकल्प केला. ज्या राजाने संग्रहालये उभारली त्याच्याच राजधानीत हे घडले. दोन्ही गोष्टी एकाच बागेत, एकाच सकाळी पाहाव्यात.

संग्रहालयाची मुख्य इमारत १८९४ मध्ये पूर्ण झाली. तिच्या जोडीची चित्रदालनाची इमारत १९१४ मध्ये तयार झाली, पण तोवर युरोपात महायुद्ध पेटले. तिकडे विकत घेतलेली चित्रे अडकून पडली आणि दालन अखेर १९२१ मध्ये उघडले. ही चित्रे निवडण्याचे काम इंग्रज कलासमीक्षक मॅरियन स्पीलमन यांच्याकडे सोपवलेले होते. सयाजीरावांचा हेतू स्पष्ट होता. ज्यांना युरोपला जाणे कधीच शक्य नाही, अशा आपल्या प्रजेला तिकडची चित्रे येथे पाहता यावीत, आणि कलाभवनात शिकणाऱ्या मुलांपुढे नमुने असावेत. कलाभवन ही कला आणि तंत्रशिक्षणाची संस्था त्यांनी १८९० मध्ये काढली होती. पुढे चित्रपट काढणारे दादासाहेब फाळके काही काळ तेथेच शिकले.

आत गेल्यावर सर्वप्रथम अकोट्याच्या कांस्यमूर्ती कोठे आहेत ते विचारावे. अकोटा म्हणजे जुने अंकोट्टक, आज बडोद्याचाच एक भाग. १९५१ मध्ये तेथे जैन कांस्यमूर्तींचा मोठा साठा सापडला. पाचव्या ते अकराव्या शतकांतील या मूर्तींचा सखोल अभ्यास डॉ. उमाकांत शहा यांनी केला. आपल्या शंभर वर्षांच्या क्रमात या मूर्ती बसत नाहीत, तरीही त्यांच्यासाठी क्रम मोडावा. मेणाची मूर्ती करून, तिच्यावर मातीचे आवरण चढवून, मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओतायचा, अशी ही पद्धत आहे. त्यामुळे प्रत्येक मूर्ती एकदाच घडते. मेणाच्या मऊपणाची खूण धातूतही राहते: ओठांची कड आणि वस्त्राची चुणी कोरलेली वाटत नाही, बोटाने दाबून वळवलेली वाटते.

तेथे तीन मूर्ती शोधाव्यात. पहिली ऋषभनाथांची. ती भंगलेली आहे, पण चेहरा शाबूत आहे, आणि वस्त्र नेसलेल्या तीर्थंकराची सर्वांत जुनी ज्ञात मूर्ती म्हणून अभ्यासक तिचा उल्लेख करतात. दुसरी जीवंतस्वामींची, म्हणजे दीक्षा घेण्यापूर्वी राजवाड्यातच ध्यानाला उभे राहिलेल्या महावीरांची. डोक्यावर मुकुट, अंगावर अलंकार आणि चेहऱ्यावर मात्र संन्याशाची स्थिरता. तिसरी चवरी धरलेल्या स्त्रीची, चामरधारिणीची. तिच्या कमरेचा बाक समोरून जितका दिसतो त्याहून अधिक बाजूने दिसतो, म्हणून काचेच्या पेटीभोवती जितके फिरता येईल तितके फिरावे.

मुले बरोबर असतील तर त्यांना आधी खालच्या बाजूच्या प्राणिविभागात न्यावे. मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा सत्तर फुटांहून लांब सांगाडा आणि इजिप्तची ममी पाहून झाली, म्हणजे त्यांची उत्सुकता शमते आणि मोठ्यांना दोन तास मिळतात. हा क्रम उलट केला तर मुले सारखी हात ओढत राहतात.

युरोपीय चित्रदालनात पट्टी वाचण्याची सवय लावून घ्यावी. एखाद्या थोर चित्रकाराचे नाव दिसले की पुढचे शब्दही वाचावेत: चित्र त्याच्या स्वतःच्या हातचे आहे, त्याच्या शिष्यांचे आहे, त्याच्या शैलीतील आहे की मागाहून केलेली नक्कल आहे. हे चार प्रकार पूर्णपणे वेगळे आहेत. १९४० च्या दशकात येथे संचालक असलेले जर्मन कलाइतिहासकार हर्मन गोएट्झ यांनी संग्रहाची शास्त्रशुद्ध मांडणी केली. संग्रहालयाला अभ्यासकांत आज जो मान आहे, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. नाव मोठे नसलेलीही अनेक निसर्गचित्रे आणि व्यक्तिचित्रे येथे सुंदर आहेत. त्यांच्यासमोर उभे राहून कालचे रविवर्मा आठवावेत. छाया-प्रकाशाची ती रीत कोठून आली, हे येथे डोळ्यांना दिसते. चित्रदालनाजवळच रशियन चित्रकार निकोलस रोरिक यांची हिमालयाची चित्रे दिसली, तर तीही चुकवू नयेत.

दुसरा दिवस, दुपार: कीर्ती मंदिर

कमाटीबागेपासून थोड्याच अंतरावर, विश्वामित्रीच्या पुलाजवळ कीर्ती मंदिर आहे. गायकवाड घराण्यातील दिवंगतांच्या स्मरणार्थ सयाजीरावांनी १९३६ मध्ये ही वास्तू बांधून घेतली. शिखरावर सूर्य, चंद्र आणि अखंड भारताच्या नकाशासह पृथ्वी, अशी धातूची योजना आहे. हे स्मृतिस्थान आहे, संग्रहालय नव्हे. तेव्हा पादत्राणे बाहेर ठेवावीत, आवाज खाली ठेवावा आणि आत जाण्याची वेळ व परवानगी आधी विचारून घ्यावी.

येथे मध्यवर्ती दालनाच्या चार भिंतींवर शांतिनिकेतनच्या नंदलाल बसूंनी १९३९ ते १९४६ या काळात चार चित्रे रंगवली: गंगावतरण, मीरेचे जीवन, नटीर पूजा आणि कुरुक्षेत्र. सयाजीराव ६ फेब्रुवारी १९३९ रोजी वारले, त्यामुळे हे पूर्ण झालेले काम त्यांना पाहता आले नाही.

बडोद्यातले सर्वांत मोलाचे आणि सर्वांत कमी लोकांनी पाहिलेले ठिकाण कोणते, असे मला विचारले तर मी याच चार भिंतींकडे बोट दाखवीन. चित्रे उंचावर आहेत, म्हणून आणलेली दुर्बीण येथे बाहेर काढावी. तैलरंगाची झळाळी नाही, मोती चमकत नाहीत, आकृत्यांना पुन्हा एकदा बाह्यरेषा आली आहे आणि भिंत सपाट आहे हे चित्रकार लपवत नाही. तांबेकर वाड्यातील वहीचे पान तिसऱ्यांदा उघडावे. रविवर्मांनी जे मागे टाकले होते, त्यातले कितीतरी नंदलाल विचारपूर्वक परत घेऊन आले आहेत. अजिंठ्याच्या भिंती आणि आपल्या लोककलेची रेषा यांचा त्यांनी जन्मभर अभ्यास केला होता.

नटीर पूजेसमोर अधिक वेळ थांबावे. रवींद्रनाथांच्या नाटकावर आधारलेला हा प्रसंग आहे. राजाज्ञेने बुद्धाची पूजा बंद झालेली असताना श्रीमती नावाच्या नर्तकीला स्तूपासमोर नाचायला सांगितले जाते. नाचता नाचता ती एकेक अलंकार उतरवते, अंगावर भिक्षुणीचे वस्त्र उरते, आणि तिचा वध होतो. ही कथा माहीत असली की आकृतींची हालचाल वाचता येते. माहीत नसली तर ती नुसती नृत्याची मिरवणूक वाटते. म्हणून बरोबरच्यांना ही कथा पायऱ्यांवरच सांगून ठेवावी, आत बोलू नये.

जास्तीचा अर्धा दिवस असेल तर

मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय १९१० चे आहे. अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून सयाजीरावांनी संस्थानभर सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभारले, त्याचे हे केंद्र. खालच्या मजल्यापर्यंत उजेड पोहोचावा म्हणून लोखंडी मांडण्यांच्या मजल्यांना केलेली काचेची जमीन पाहण्याजोगी आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागात देवनी मोरी येथील बौद्ध स्तूपाच्या उत्खननातील वस्तू आहेत. तेथे पूर्वपरवानगीने जावे. आदिवासी कलांची आवड असणाऱ्यांनी छोटा उदेपूर जिल्ह्यातील तेजगढची आदिवासी अकादमी पाहावी, मात्र त्यासाठी वेगळा पूर्ण दिवस काढावा लागतो.

दुसरा दिवस, संध्याकाळ: ललित कला महाविद्यालय

महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले आणि १९५० मध्ये त्याची ललित कला शाखा सुरू झाली. गावात तिला सगळे "फाइन आर्ट्स" म्हणतात, रिक्षावाल्यालाही तेच सांगावे. चित्रकला विभागाची सुरुवातीची घडी नारायण श्रीधर बेंद्रे यांनी बसवली. ते १९१० मध्ये इंदूरला जन्मलेले मराठी चित्रकार. तेथे देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली शिकून ते पुढे बडोद्याला आले. शिल्पकलेला शंखो चौधरी होते, आणि नंदलालांच्या शांतिनिकेतनातून आलेले के. जी. सुब्रमण्यन होते. म्हणजे कीर्ती मंदिराच्या भिंतींची परंपरा शिष्याच्या रूपाने काही अंतरावरच्या या आवारात येऊन शिकवू लागली. ज्योती भट्ट आणि गुलाममोहम्मद शेख हे नावाजलेले चित्रकार येथेच शिकले. चित्रकार भूपेन खक्कर मुंबई सोडून या शहरात येऊन राहिले.

हे शिक्षणाचे आवार आहे, पर्यटनस्थळ नव्हे. फाटकावर नाव सांगून, परवानगी घेऊन, वर्ग चालू नसतील अशा वेळी जावे. शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस, उन्हाळ्याच्या तोंडावर, विद्यार्थी आपली वर्षभराची कामे मांडतात. त्या दिवसांत बडोद्यात येणे जमले तर ऊन सोसूनही यावे, आणि नेमक्या तारखा शाखेच्या कार्यालयात विचाराव्यात. आवारात झाडांखाली अर्धवट राहिलेली शिल्पे, दगडाचे तुकडे आणि वाळत घातलेले मातीचे साचे दिसतील. त्यांना हात लावू नये. दालनात चित्राशेजारी स्टुलावर ज्याने ते काढले तो मुलगा किंवा मुलगी बसलेली असते. त्यांना "हे काय आहे?" असे न विचारता "हे करायला कुठून सुरुवात केलीत?" असे विचारावे. बहुतेक जण आनंदाने उठतात, कॅनव्हासच्या एका कोपऱ्याकडे बोट दाखवतात आणि सांगू लागतात. तेव्हा रिक्षा ठरवून ठेवलेली असेल, तर तिला थोडे थांबायला सांगावे.